कॉलेज फुटबॉलचं रिक्रूटिंग, म्हणजे टीममध्ये नवी पोरं घेणं, कसं जोखायचं, बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या फॅन्ससाठी

रविवारी पहाटे उठून अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल (आपलं पायानं खेळायचं नव्हे, अमेरिकन फुटबॉल) बघणारे जे कोण आपल्याकडं आहेत, त्यांनी आधी हे बघा की टीममधनं कोण बाहेर पडालेत. सिनियर किती, ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलायच्या यादीत, कोण गेलं, आणि ऑफेन्सिव्ह लाईनला, म्हणजे आपला बॉल असताना समोरच्यांना अडवणाऱ्या रांगेत, माणसं उरलीत काय. क्लासचा, म्हणजे त्या वर्षी घेतलेल्या नव्या पोरांच्या तुकडीचा, रँक नंतर बघा, कारण रँक चांगला आणि लाईनला पोरगाच नाही असं लई वेळा होतंय.

मग स्टार, म्हणजे रिक्रूटिंगच्या वेबसाईट पोरांना पाचपर्यंत देतात ते रेटिंग. चार आणि पाच स्टारवाली पोरं मागच्या चार क्लासमध्ये निम्म्याहून जास्त असली तर टीम चॅम्पियन व्हायच्या लायकीची धरतात, ह्याला ब्लू चिप रेशो म्हणतात, आणि माझ्या मते हा आकडा खरंच कामाचा आहे.

पण व्हिडिओ स्वतः बघाच. आनंदवाडीच्या आखाड्यात आपण पैलवानाचं नाव नाही, पकड बघतोय, तसंच. हायलाईट सोडा, अख्खी मॅच शोधा, लाईनमनचे पाय बघा, बॉल सुटल्यावर पहिलं पाऊल कुठं पडतंय, शिट्टी होईपर्यंत ब्लॉक धरतोय की मध्येच उभा राहतोय.

पोरानं ह्या कॉलेजला येतो म्हणून तोंडी कमिट केलं तर लगेच नाचू नका, ते बंधनकारक नसतंय, डिसेंबरात सही होईपर्यंत पोरगं फिरू शकतंय. २०२१ पासनं एनआयएलचे, म्हणजे खेळाडूला स्वतःच्या नावावर-फोटोवर मिळवता येणारे, पैसे आलेत, म्हणून त्या कॉलेजकडं पैसा किती हेही बघायलाच लागतंय.