कोट बडोद्यातून नेऊ नका

सप्टेंबरात इंग्लंडला शिकायला निघालेल्या आपल्या बडोद्याच्या मुलांच्या बॅगा बघितल्या की जीव हळहळतो. एक जाडजूड कोटच दोन-तीन किलो खातो, आणि तिथल्या पावसावाऱ्यात तो पुरतोच असं नाही. मंगळ बाजारातून सुती बनियन, आतले कपडे, रात्रीचे पायजमे भरपूर घ्या. कोट मात्र तिकडेच घ्या. सप्टेंबरात एक स्वेटर आणि साधं रेनकोटसारखं जाकीट पुरतं.

पोचल्यावर आधी चॅरिटी शॉप गाठा. ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या सेवाभावी संस्थांची दुकानं अनेक गावांच्या मुख्य रस्त्यावर असतात. तिथे लोकांनी दान केलेले कपडे नव्याच्या मानाने खूपच स्वस्त मिळतात. सुखवस्तू वस्तीतलं दुकान निवडा, तिथे माल चांगला येतो. आतली पट्टी वाचा: लोकर किती, ॲक्रिलिक किती. चेन दोनदा ओढून बघा, काखेतली शिवण तपासा, खिशात हात घालून अस्तर फाटलेलं नाही ना ते पाहा. दुसऱ्याचं वापरलेलं कसं घालायचं, असं आजी म्हणेलच. पण मोठ्या भावाचा स्वेटर धाकट्याने घालायची रीत आपल्या घरात आहेच की.

अंगकाठी लहान असेल तर मुलांच्या विभागातही डोकवा. तिथे लहान मुलांच्या कपड्यांवर 20 टक्के व्हॅट लागत नाही. मोजे, थर्मल प्रायमार्क या स्वस्त कपड्यांच्या दुकानात घ्या. बाकी मोठी खरेदी नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला असणाऱ्या बॉक्सिंग डे सेलपर्यंत थांबवता आली तर थांबवा, आणि पैसे देण्याआधी विद्यार्थी सवलत आहे का, हे विचारायला लाजू नका.