दोन अँटिबॉडी एकत्र देताना या चुका टाळा

उंदरांना फ्लूचा संसर्ग, मग टीएनएफ आणि आयएल-६ ही दाह वाढवणारी प्रथिनं रोखणाऱ्या दोन अँटिबॉडी एकत्र, आणि शेवटी फुप्फुसातल्या दाहकारक जनुकांची क्यूपीसीआरने (जनुकाच्या आरएनए प्रती मोजायची पद्धत) मोजणी. आकडे खाली आले की हायसं वाटतं. पण घोटाळा बहुधा गट पाडतानाच झालेला असतो.

समजा, जोडीच्या गटाला प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एकूण ४०० दिले आणि एकेकट्या अँटिबॉडीच्या गटांना २००च. आता फरक जोडीमुळे पडला की जादा आयजीजीमुळे, म्हणजे नुसत्या जास्त अँटिबॉडी-प्रथिनामुळे, हे कळणार कसं? त्या दोन गटांत न दिलेल्या अँटिबॉडीच्या जागी तिच्याशी जुळणारा आयसोटाइप कंट्रोल (त्याच प्रकारची, पण इथे कशालाच न धरणारी अँटिबॉडी) २०० मायक्रोग्रॅम भरा. चौथ्या गटाला दोन्ही आयसोटाइप द्या. नुसत्या सलाइनवर भागवू नका. हे चार गट नसतील तर 'दोन्ही मिळून जास्त परिणाम' असं लिहूच नये, असं माझं ठाम मत आहे. कुपीतलं एंडोटॉक्सिनही (जिवाणूंच्या आवरणातलं विष) तपासून घ्या. ते टीएलआर-४ या पेशीवरच्या ग्राहीमार्फत स्वतःच दाह पेटवतं आणि चांगली अँटिबॉडी निकामी वाटू लागते.

आयएल-६ अडवलं म्हणजे त्याचं जनुकही गप्प बसेल, ही अपेक्षा चुकीची. अँटिबॉडी तयार झालेल्या प्रथिनाला धरते, जनुकाला हातही लावत नाही. संदेश पुढे पोचला का, हे पाहायचं तर एसओसीएस-३ सारखं त्याच्या पुढच्या टप्प्यावरचं जनुक मोजा. प्रथिन एलायझाने (अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजणारी चाचणी) मोजत असाल तर आणखी जपून: अँटिबॉडीला चिकटलेलं आयएल-६ किटला दिसेलच असं नाही, आणि ते रक्तात जास्त वेळ टिकल्याने आकडा उलट वाढलेलाही दिसतो.

निकाल पटत नसेल तर आधी संदर्भ जनुकाच्या, म्हणजे ज्याच्याशी बाकीची जनुकं ताडतात त्या स्थिर मानलेल्या जनुकाच्या, कच्च्या सीटी (क्यूपीसीआरच्या कितव्या सायकलला संकेत दिसला तो आकडा) बघा. दाहात जीएपीडीएच हे नेहमीचं संदर्भ जनुकही हलू शकतं. त्याची सीटी एका सायकलने सरकली की कागदावर जवळपास दुप्पट फरक उमटतो, फुप्फुसात मात्र काहीच बदललेलं नसतं. दोन-तीन संदर्भ जनुकं घ्या.

विषाणूचं प्रमाण आणि उंदरांचं वजन मोजल्याशिवाय दाह उतरल्याचा आनंद मानू नका. संरक्षणच ढिलं पडून विषाणू वाढलेला असू शकतो. आणि प्रत्येक उंदराचा तोच खंड घ्या. उजव्या फुप्फुसाला चार खंड असतात, डाव्याला एकच, आणि संसर्ग सगळीकडे सारखा पसरत नाही.