ऑल्बियाचे कांस्य नाणे कसे ओळखावे

इ.स.पू. सहाव्या शतकात मिलेटस शहरातल्या ग्रीकांनी काळ्या समुद्राच्या उत्तरेला, बूग नदीच्या मुखाशी ऑल्बिया हे व्यापारी बंदर वसवले. आज तिथे युक्रेनमधले पारुतिने गाव आहे. या शहराचे नाणे समोर आले, तर चित्राआधी त्याची घडण पाहा. ते ओतीव (वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले) आहे की ठशाने (चित्र कोरलेल्या साच्यांत दाबून-ठोकून) पाडलेले, यावर पुढचे सगळे ठरते.

पायरी १ : आकार बघा. डॉल्फिनच्या आकाराचा छोटा तुकडा दिसला, तर दागिना समजून बाजूला सारू नका. ऑल्बियात हेच ओतीव तुकडे सुटे चलन होते. एका बाजूला डोळा आणि पर उठावात असतात, दुसरी बाजू बहुधा सपाट. काहींवर मोजकी ग्रीक अक्षरेही सापडतात. डॉल्फिनचा संबंध अपोलो डेल्फिनिओसशी जोडला जातो, कारण मिलेटसहून आलेल्यांचा हा लाडका देव होता.

पायरी २ : वजन करा. गोल, तळहातात मावेल एवढे आणि शंभर ग्रॅमच्याही वर भरणारे नाणे असेल, तर त्यावर गॉर्गनचा (ग्रीक कथांतल्या भयंकर राक्षसीचा) चेहरा आणि मागे डॉल्फिन पकडलेला गरुड शोधा. ही नाणीसुद्धा ओतीवच.

पायरी ३ : कडा भिंगाखाली धरा. इथेच बहुतेकांची फसगत होते. साच्याचा सांधा, धातूचे बुडबुडे, ओतताना उरलेला खुंट दिसला की नाणे बनावट, असा सर्वसाधारण नियम आहे. डॉल्फिनला तो लावू नका, त्याच्यावर या खुणा असणारच. मात्र इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धापासून ठशाने पाडलेली नाणी आली : पुढे शिंगे असलेला दाढीवाला नदीदेव बोरिस्थेनिस, मागे कुऱ्हाड आणि धनुष्याचा भाता. त्यांवर सांधा दिसला, तर जरूर संशय घ्या.

या बंदरात परक्यांच्या हातीही हेच कांस्य का खेळे, याचे उत्तर कानोबोस नावाच्या माणसाने मांडलेल्या ठरावात मिळते. शहरातली खरेदी-विक्री ऑल्बियाच्याच तांब्याच्या आणि चांदीच्या नाण्यांत व्हावी, असा तो इ.स.पू. चौथ्या शतकातला कायदा. त्याचा शिलालेख ऑल्बियात नव्हे, तर बॉस्फरसच्या सामुद्रधुनीपाशी सापडला. काळ्या समुद्रात शिरणाऱ्या व्यापाऱ्याला नियम वाटेतच कळावा, ही सोय मला फार शहाणपणाची वाटते.

पायरी ४ : हिरवा थर खरवडू नका, लिंबू, चिंच तर मुळीच लावू नका.

पायरी ५ : विकत घेण्याआधी नाणे कुठून, कोणाकडून, कधी आले याची कागदपत्रे मागा. ती नसतील, तर घेऊ नका. चोरून खणलेला डॉल्फिन कोणत्या थरात, कोणत्या मडक्याशेजारी होता हे कायमचे पुसले जाते, आणि त्याचा काळ ठरवायला तीच माहिती लागते.