सुट्टीचा क्रम: शिबिर, आजोळ, मग तंबू

घरात लहान मुलं असतील तर मे महिन्याची आखणी आजोळच्या तिकिटापासून सुरू करा. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे १० मेला कोकणात जायचं तर ११ मार्चला सकाळी आठ वाजता मोबाइल घेऊन बसायचं. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलासाठी वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडं पडतं, नाही घेतला तर अर्धं. रात्रीची गाडी असेल तर घ्याच. आम्ही एकदा पैसे वाचवले आणि पनवेलपासून कुडाळपर्यंत बसून आलो.

शिबिर सुट्टी लागल्या लागल्या उरका. मुलांची सकाळी उठायची सवय तेव्हा मोडलेली नसते.

तंबू मात्र शेवटी, मेअखेरीला, भंडारदऱ्याकडे. पावसाच्या तोंडावर तिथे हिरड्या-बेहड्याच्या झाडांवर काजवे लुकलुकतात. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद रबरबँडने बसवा. पांढऱ्या झोताने काजवे बिचकतात आणि आपल्याही डोळ्यांना अंधाराची सवय होत नाही. शनिवार-रविवार टाळा, गाड्यांच्या दिव्यांपुढे काजव्यांचं काही चालत नाही. तंबू सखल जागी नको, वळवाची सर आली तर मध्यरात्री अंथरूण भिजतं. बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकूनच घाला, विंचवाला असली जागा फार आवडते. आजोळहून आलेली आमसुलं सोबत असू द्या; उन्हातून आल्यावर गूळ-मीठ घातलेलं त्यांचं सरबत मुलं मागून पितात.