द्वेषातून हल्ला झाल्यास तक्रार कशी द्यावी

धर्म, जात, भाषा किंवा जन्मस्थान यांवरून झालेल्या हल्ल्याची तक्रार देताना बहुतेकांची चूक होते ती हेतू सांगण्यात. आपल्याकडे 'द्वेषगुन्हा' नावाचे स्वतंत्र कलम नाही; त्यामुळे मारहाण कशावरून झाली हे जबानीत आले नाही, तर प्रकरण साध्या बाचाबाचीत जमा होऊ शकते.

धोका टळला नसेल तर आधी ११२ क्रमांकावर फोन करावा. जखम किरकोळ वाटली तरी सरकारी इस्पितळात दाखवावी आणि ती मारहाणीत झाली असे स्पष्ट सांगावे. संकोचाने सांगितलेले 'घसरून पडलो' केसपेपरवर कायमचे राहते.

तक्रारीत शिवी सभ्य करून लिहू नये. समजा, म्हापशाच्या बाजारात एखाद्या टेंपोचालकाला मारताना 'घाटी, तुज्या गांवाक वच' (घाटावरच्या माणसा, तुझ्या गावी जा) असे कोणी म्हटले असेल, तर 'अर्वाच्य शिवीगाळ केली' एवढ्याने भागत नाही. तेच कोकणी वाक्य, ते कोण बोलले, कोणी ऐकले आणि तेव्हा किती वाजले होते, हे सारे यायला हवे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये, म्हणजे गटागटांत वैर पसरवण्याविषयीच्या कलमात, धर्माबरोबर जन्मस्थान आणि भाषा यांचाही उल्लेख आहे. ते कलम लागते की नाही हे तपासात ठरेल, पण शब्दच नोंदले नसतील तर तो विचार व्हायचाच नाही. हल्लेखोर पाच किंवा अधिक असतील तर तो आकडा आवर्जून सांगावा, कारण अशा कारणावरून जमावाने केलेल्या जबर दुखापतीसाठी आणि खुनासाठी वेगळी तरतूद आहे. व्हिडिओ असेल तर मूळ फाइल फोनमध्येच ठेवावी, आणि कृपा करून तो गावभर फिरवू नये.

दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कोणत्याही पोलीस स्थानकावर देता येते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. तोंडी सांगितलेले पोलिसांनी लिहून घेऊन वाचून दाखवायचे असते. हा प्रथम खबर अहवाल (एफआयआर) इंग्रजीत टाइप झाला असेल, तर तो मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. त्याची प्रत मोफत मिळते. नोंद नाकारली, तर तीच तक्रार जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवून पावती जपावी. तेथेही दाद लागली नाही, तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

पीडित अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो, आणि त्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नसते. त्यासाठी १४५६६ ही हेल्पलाइन आहे. मोफत वकिलासाठी १५१०० वर विचारावे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचे असते, म्हणून नोंदीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.