बालवाडीच्या मुलांना टेकडीवर नेताय? या चुका टाळा

तीन ते सहा वर्षांच्या पोरांना निसर्गात न्यायची हौस हल्ली पुण्यात बरीच वाढली आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती तिथे गेल्यावर मोठी माणसं जे करतात त्याबद्दल.

पहिली आणि सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे "डोळे मिटा". कुठल्यातरी कार्यशाळेत शिकलेलं ध्यान चार वर्षांच्या पोराला जसंच्या तसं लावायचं. वेताळ टेकडीवर मार्चमध्ये एका शाळेची दोन बस भरून मुलं आली होती. आली तीही साडेदहाला, म्हणजे दगड तापल्यावर. (उन्हाळ्यात साडेसातला पोचा, नऊला परत फिरा. जमत नसेल तर सोसायटीतलं झाड पुरे.) काटेसावरीखाली सतरंज्या पसरल्या, सरांनी पितळी वाटी वाजवली आणि फर्मान सुटलं, "डोळे मिटा, पक्ष्यांचे आवाज ऐका." वर साळुंख्या आणि बुलबुल फुलांवरून भांडत होते, खार फुलं कुरतडून खाली टाकत होती आणि ते बघायला बंदी!

एक मुलगी मात्र पापण्यांच्या फटीतून बघत होती. तिच्या पुढ्यात पडलेल्या लाल फुलात मुंगळे शिरत होते, बाहेर येत होते. पोरगी इतकी रमली होती की वाहणारं नाक पुसायचंही तिला भान नव्हतं. तेवढ्यात ताई आल्या, "डोळे मीट गं," म्हणाल्या आणि तिला उलटं फिरवून बसवलं. त्या अख्ख्या घोळक्यात खरं ध्यान लागलं होतं ते तिचं एकटीचं. थोड्या वेळात मुंगळे सतरंजीवर चढले, एक रडलं, मग सगळीच रडली. फोटो मात्र छान आले असणार.

या वयाचं मूल डोळे मिटून शांत होत नाही. बघायला, चाचपायला काही मिळालं की होतं. मी पिशवीत सुतळी ठेवते. जमिनीवर तिचं ताटाएवढं रिंगण करायचं आणि दोघादोघांना सांगायचं, "इथे कोण राहतं ते बघा." मग आपण बाजूला बसायचं, गप्प. कोणी दोन मिनिटांत उठतो, कोणी उठतच नाही. उठलेल्याला परत बसवू नका.

दुसरी चूक बडबडीची. "हे काय आहे? कुठला रंग? सांगा बरं!" टेकडीवर नेलंत की तोंडी परीक्षा घेताय? पावसाळा सरताना तेरड्याला बोंडं धरतात. पिकलेलं बोंड हलकेच दाबलं की फटकन फुटतं आणि बिया उडतात. पहिल्यांदा ते झालं की मूल दचकतं, मग हसतं, मग दुसरं बोंड शोधायला लागतं. कुठलं फुटेल, कुठलं नाही, हे त्याचं त्यालाच कळत जातं. पण तेवढा धीर कुणाला? "बघा हं, याला बीजप्रसार म्हणतात!" झालं, खेळ मोडला. पोर म्हणालं "उडालं!" तर आपणही "उडालं!" एवढंच म्हणावं. नाव विचारलं तर सांगावं, नाही विचारलं तर राहू द्यावं.

दर वेळी नवी जागा नको. एकच झाड जूनमध्ये, दिवाळीनंतर आणि होळीच्या सुमाराला दाखवा.

भिंगं-डब्यांचे तयार संच विकत घेऊ नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बिया, शिंपले, खडे, पानं यांच्यावर बालवाड्या चालवल्या. तुमच्या टेकडीवरही हे फुकट मिळतं, शिंपले सोडून.

"दहा वस्तू गोळा करा" असला कागद तर मुळीच देऊ नका. मुलं ओरबाडतात. पडलेलंच उचलायचं, हा माझा नियम.

काठीवर बंदी घालू नका. आपल्या हाताहून लांब काठी घ्यायची नाही, एवढं सांगितलं की पुरतं.

आता जिथे ढिलाई अजिबात चालत नाही ते. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, विषारी आहे आणि तिची बी हृदयावर परिणाम करते. लाल-काळी गुंज दिसते गोड, चावली तर जिवावर बेतू शकते. म्हणून मुलं न्यायच्या आधी एकदा एकट्याने त्या वाटेने फिरून या. यात आळस करणाऱ्याने मुलं नेऊच नयेत. झाडावर किंवा कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर ती वाट सोडा. खाजकुइलीची लव अंगाला लागली तर चोळू देऊ नका, चिकटपट्टी लावून उचला. ती पट्टी पिशवीत सुतळीशेजारी असावी.

राहता राहिले पालक. "एवढं जाऊन काय शिकला?" असं विचारतात. मी त्यांना आघाड्याची कुसळं चिकटलेली विजार दाखवते आणि धुवायच्या आधी खिशातले खडे काढायला सांगते.