सर्व्हरवर अनोळखी माउंट दिसले तर आधी काय बघायचं

लिनक्स सर्व्हरवर पहिल्यांदा डीएफ (कुठे किती जागा आहे ते दाखवणारी कमांड) मारलं की नवीन माणूस हमखास गोंधळतो, डिस्क एकच आहे मग एवढ्या ओळी कुठून आल्या. यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक माउंट, म्हणजे एखाद्या फोल्डरला जोडलेली डिस्क किंवा तशीच दुसरी जागा. मी शिकाऊ मुलांना एकच सांगतो, फोल्डरच्या नावावर जाऊ नका, बॅकअप नावाच्या फोल्डरात बॅकअपच असेल असं अजिबात नाही, टाइप (कुठल्या प्रकारची फाइलसिस्टिम) बघा आणि सोर्स (कुठून जोडलंय) बघा. त्यासाठी फाइंडमाउंट ही कमांड मला डीएफपेक्षा जास्त आवडते, कशाच्या आत काय लावलंय ते लगेच कळतं.

टाइप टीएमपीएफएस असेल तर तो डेटा मेमरीत आहे, डिस्कवर नाही. रन फोल्डरच्या आत यूजर आणि त्यापुढे 1000 असा आकडा दिसला तर तो लॉगिन केलेल्याचा यूआयडी, म्हणजे युजरचा नंबर, सिस्टिमडी (सिस्टिमच्या सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्रॅम) लॉगिनच्या वेळी ते बनवतं आणि शेवटचं सेशन संपलं की काढून टाकतं. उबंटूवर स्नॅपचे (अ‍ॅप पॅकेजचे) लूप डिव्हाइस, म्हणजे डिस्कसारख्या लावलेल्या फाइल्स, 100 टक्के भरलेले दिसतात आणि लोक जागा मोकळी करायला धावतात, पण ती स्क्वॉशएफएस या दाबून छोट्या केलेल्या फाइलसिस्टिमची रीड ओन्ली इमेज असते, कायम 100 टक्केच दाखवणार, सोडून द्या. ओव्हरले टाइप म्हणजे बहुतेक वेळा डॉकरचा कंटेनर (बाकी सिस्टिमपासून वेगळा ठेवून चालवलेला प्रोग्रॅम), तिथे मूळ डिस्कचीच साइज परत दिसते त्यामुळे बेरजेत धरू नका.

खरं जपायचं ते एनएफएसला, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या दुसऱ्या मशीनच्या फोल्डरला. सोर्समध्ये मशीनचं नाव किंवा आयपी, मग कोलन, मग पाथ असेल तर फाइल्स दुसऱ्या मशीनवर आहेत, इथे आरएम (फाइल काढायची कमांड) चालवलं तर तिकडच्या टीमचा डेटा जातो. समोरचं मशीन बंद असेल तर साधं डीएफसुद्धा अडकून बसतं, अशा वेळी प्रॉक फोल्डरातली माउंट्स फाइल वाचा, तिथे कर्नलकडची (लिनक्सच्या गाभ्याकडची) यादी न अडकता मिळते.

मग हे लावलं कोणी ते शोधायचं. आधी एफएसटॅब (बूटच्या वेळी काय लावायचं त्याची यादी असलेली फाइल), तिथे नसेल तर सिस्टिमडीच्या माउंट युनिट्स (माउंटची सेटिंग असलेल्या फाइल्स), मग ऑटोएफएस (गरज पडली की आपोआप माउंट करणारं), आणि कुठेच नसेल तर बहुतेक कोणीतरी हाताने लावलंय, रीबूटनंतर ते परत येणार नाही, म्हणून आधी टीममध्ये विचारा. काढायच्या आधी एफयूजर किंवा एलएसओएफने कोणती प्रोसेस वापरतेय ते बघा.

अनमाउंट केल्यावर त्याच फोल्डरात जुन्या फाइल्स दिसल्या तर दचकू नका, त्या आधीपासून तिथेच होत्या, वरून माउंट बसल्यामुळे झाकल्या गेलेल्या. डीएफ आणि डीयूचे (फाइल्सची साइज मोजणाऱ्या कमांडचे) आकडे जुळत नाहीत तेव्हा कधी कधी कारण हेच निघतं.